एक धक्का, पाच पार्ट्या: मॉडेल रेल्वेत सामायिक मालधक्का कसा बसवायचा

लेआउट करायला घेतला की पहिली इच्छा हीच होते की प्रत्येक पार्टीला, म्हणजे माल मागवणाऱ्या-पाठवणाऱ्याला, स्वतःची लाइन द्यायची. जिनिंगला एक, तेल मिलला एक, गोडाऊनला एक, आणि मग आठ फुटाच्या प्लायवर चार-पाच पॉइंट (रूळ फुटतात ते सांधे) बसतात, प्रत्येक लाइनीवर जेमतेम दोन वॅगनी मावतात आणि खेळ म्हणजे वॅगन आत ढकलली, बाहेर काढली, झालं. मी पण पहिला लेआउट असाच केलता. महिन्याभरात त्याच्याकडं बघावं वाटेना. दुसऱ्या वेळी सगळ्या लाइनी काढून टाकल्या, एकच सायडिंग, म्हणजे बाजूला फुटून बंद होणारी लाइन ठेवली, तिला एक मालधक्का, म्हणजे माल चढवा-उतरवायचा ओटा दिला आणि त्या एका धक्क्यावर पाच पार्ट्या आणून बसवल्या. आता तीन वर्षं झाली, त्याच लेआउटवर रोज रात्री अर्धा तास जातो आणि अजून मन भरलं नाही. तो कसा केला ते इथं सविस्तर लिहायलो, कारण भरपूर जण विचारायलेत.

आपल्या भागात खरं चित्र हेच होतं. उदगीरच्या मोंढ्यात आडते पुष्कळ, पण कोणाच्या दुकानामागं रेल्वेची लाइन नव्हती. सगळ्यांचा माल स्टेशनच्या धक्क्यावर यायचा, तिथून ट्रकनं, बैलगाडीनं मोंढ्यात. स्वतःची सायडिंग परळीच्या थर्मलसारख्या मोठ्या धन्याला, कोळशाच्या रॅकी, म्हणजे गाड्याच्या गाड्या घेणाऱ्याला. बाकी सगळ्यांना सामायिक धक्का. म्हणजे लाइन एक, धक्का एक, आणि भांडण नंबरचं. मॉडेलमध्ये आणायचं ते हे भांडण, रूळ आणि शेड तर कोणीही बसवतं.

कुठला काळ घ्यायचा

हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं ह्यावर आहे. आजचा धक्का केला तर BCNHL ह्या बंद वॅगनींची, ५८ वॅगनची रॅक येते, पूर्ण रॅक बहुतेक एकाच मालाची, खत म्हणजे खतच. एक बीसीएनएचएल वॅगन कपलर (वॅगनी जोडायचा आकडा) धरून साधारण ११ मीटर, म्हणजे मॉडेलच्या १:८७ मापाला साडेबारा सेंटिमीटर, त्याच्या ५८ वॅगनी लावल्या तर सव्वासात मीटर होतात आणि इंजिन वेगळंच. घरात कोणाच्या मावणार? आठ वॅगनी लावून रॅक समजायची म्हणलं तर चालतं, दिसतंही बरं, पण त्यात शंटिंग, म्हणजे वॅगनी ढकलून-ओढून जागेवर लावणं, जवळपास नाही. रॅक लागली, रिकामी झाली, गेली.

म्हणून मी १९७०-८० चा काळ घेतला, सुट्या चार चाकी वॅगनींचा. तेव्हा एकेक वॅगन बुक व्हायची, पिक-अप गुड्स स्टेशन-स्टेशनला थांबत यायची, तिचंच इंजिन सुटं होऊन धक्क्यावर शंटिंग करायचं आणि मग गाडी पुढं. आता मराठवाड्यात त्या काळात मनमाड-सिकंदराबाद लाइन मीटर गेज होती, ती १९९० च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. लातूर शहरात तर कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइट रेल्वेची २ फूट ६ इंचाची छोटी गाडी. पण विकाराबाद-परळी लाइन, जिच्यावर उदगीर आणि लातूर रोड येतात, ती ब्रॉडगेज. बाजारात १६.५ मिलिमीटरचे रूळ आणि एचओ, म्हणजे १:८७ च्या वॅगनी सहज मिळतात, तर ब्रॉडगेजच बरं, म्हणून माझं स्टेशन त्या लाइनीवर. नाव मनानंच ठेवलंय, काळेगाव रोड. आपल्याकडं गाव लांब आणि स्टेशन अलीकडं असलं की रोड लागतं, लातूर रोड, मानवत रोड तसं. ह्या रोडचा फायदा असा की धक्का गावाबाहेर उघड्यावर राहतो, मागं वस्ती करायची गरज नाही, एक लिंब, दोन बाभळी आणि काळं रान एवढं पुरतं.

एक खरं सांगून ठेवतो, १:८७ ला आपलं १६७६ मिलिमीटरचं गेज १९.३ भरतं आणि आपण वापरतो १६.५, म्हणजे रूळ जवळ दिसतात. मला ते चालतं. ज्यांना चालत नाही त्यांनी रूळ हातानं बसवावेत, पण मग धक्क्यापर्यंत यायला दोन वर्षं लागतील.

मापं

प्लायची एक शीट ८ बाय ४ ची येते, तिला लांबीत कापून ८ फूट बाय दीड फुटाची पट्टी घेतली, म्हणजे २४४ सेंटिमीटर बाय ४५. प्लाय उकळत्या पाण्याला टिकणाराच घ्या, बीडब्ल्यूआर, आणि खालून वाळवीचं औषध मारा. आपल्याकडं वाळवी लागली तर कळतसुद्धा नाही, वरून लेआउट छान आणि खालून भुसा.

मांडणी साधी आहे. मेन लाइन, तिला लागून लूप (दोन्ही टोकांनी मेनला जोडलेली लाइन), लूपमधून फुटणारी धक्क्याची सायडिंग, आणि त्याच टोकाला शंटिंग नेक, म्हणजे वॅगनी बाहेर ओढून घ्यायचा आखूड तुकडा. माझं डिझेल इंजिन, डब्ल्यूडीएम-२, साधारण २० सेंटिमीटर, चार चाकी वॅगन कपलर धरून ९ च्या आसपास, म्हणजे इंजिन आणि तीन वॅगनी ४७. नेक मी बरोबर ५० चा ठेवला. मुद्दाम. नेकमध्ये तीनच वॅगनी बसतात आणि सायडिंगवर सहा उभ्या असतात, म्हणजे सगळं एका खेपेत बाहेर ओढता येत नाही, विचार करावा लागतो. नेक लांब केला तर खेळ मरतो. लई आखूड केला, एका वॅगनचा, तर वैताग येतो. तीन बरोबर आहे.

पॉइंट मध्यम त्रिज्येचा घ्या, साधारण २२ सेंटिमीटरचा येतो. चार चाकी वॅगनी लहान पॉइंटवरून पण जातात, पण रॅम्पवर ट्रॅक्टर नेणारी बोगी फ्लॅट, म्हणजे लांब सपाट वॅगन, जाताना बघवत नाही. पॉइंट संपला की लगेच वॅगन उभी करता येत नाही, दोन रूळ पुरेसे फाकेपर्यंत फाउलिंग मार्क, म्हणजे शेजारच्या लाइनीला न अडवता वॅगन उभी करायची खूण, येत नाही. लांबच लांब वॅगन पॉइंटवर हळू ढकला, दुसरी शेजारच्या लाइनीवर ठेवा, दोघींत बोटभर फट राहील तिथं पांढरी खूण करा. माझ्याकडं पॉइंटच्या पुढं अजून १५ सेंटिमीटर गेले. हे १५ सेंटिमीटर कागदावर कोणी धरत नाही आणि मग सगळ्या मापाचा बोऱ्या वाजतो.

सायडिंग सपाट पाहिजे. खऱ्या रेल्वेत यार्डाचा उतार ४०० ला १ पेक्षा जास्त चालत नाही, आपल्या आठ फुटात तो ६ मिलिमीटर होतो, पण मॉडेलच्या वॅगनी इतक्या हलक्या पळतात की २ मिलिमीटरवरही आपोआप चालू लागतात. लेव्हल बाटलीनं बघा, घरातली फरशी सपाट आहे असं धरू नका. तरी वॅगन जागेवर थांबत नसेल तर जुन्या टूथब्रशचे दोन-तीन केस स्लीपरच्या मधोमध उभे चिकटवा, एक्सलला जरासे घासतील एवढेच. इंजिन ढकलतं तेव्हा कळत नाही, सोडलं की वॅगन तिथंच.

धक्क्याची उंची रुळापासून १२ मिलिमीटर, आणि धक्क्याची कड रुळांच्या मध्यापासून १९ ते २०. ही मापं खऱ्या मापांना ८७ नं भागून येतात, पण चिकटवायच्या आधी तुमच्याकडची सगळ्यात रुंद वॅगन एकदा पूर्ण धक्क्यावरून फिरवा. आणि सायडिंग धक्क्याजवळ सरळच ठेवा, वळणावर धक्का आला की वॅगनचा पोट-कोपरा घासतो, मग कड मागं घ्यावी लागते आणि मग हमाल उडी मारून जाईल एवढी फट दिसते.

जागा पाडणं

सायडिंग म्हणजे पार्किंग नाही. तिच्यावर ठरलेल्या जागा असतात आणि प्रत्येक जागेचं एक कारण असतं. मी नेकच्या बाजूनं नंबर टाकले, एक ते नऊ.

एक आणि दोन, पत्र्याच्या शेडखाली. साखर, कापसाच्या गाठी, बियाणं, जे भिजलं तर गेलं. तीन, चार, पाच उघडा धक्का, खताच्या गोण्या, तूर, हरभरा, ज्वारी, ताडपत्री टाकून भागतं. मग बोटभर नव्हे, चांगली वॅगनभर मोकळी जागा. सहा आणि सात, इथं धक्काच नाही, जमिनीवर. कोळसा, लाकूड, पाइप. उघडी वॅगन येते आणि फावड्यानं थेट गाडीत. परत मोकळी जागा. आठ, रॉकेलची टाकी, शेजारी एक उभा पाइप आणि होज. नऊ म्हणजे शेवटाला, बफर स्टॉपच्या जागी एंड लोडिंगचा रॅम्प, फ्लॅटवरून ट्रॅक्टर थेट खाली उतरवायला. रॅम्प शेवटालाच लागतो, त्याला दुसरी जागाच नाही.

कोळसा साखरेपासून लांब का? उडतो. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तर लेआउटवर दिशा ठरवून घ्या आणि शेड वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा. रॉकेल शेडपासून आणि स्टेशनपासून सगळ्यात लांब, हे उघड आहे. पण ह्या एका साध्या कारणानं रॉकेलची टाकी खोल आत गेली, आणि आता तिथं पोचायचं तर पुढच्या सगळ्या वॅगनी हलवाव्या लागतात. सगळा खेळ इथून सुरू होतो. मी हे मुद्दाम अवघड केलं नाही, मालाच्या स्वभावानं ते तसं झालं.

धक्क्यामागं ट्रकला जागा सोडा. ही चूक मी सगळ्यांच्या लेआउटवर बघितली, धक्का छान, शेड छान आणि मागं लगेच भिंत. ट्रक येणार कुठून? टाटाचा ट्रक १:८७ ला आठ सेंटिमीटर तरी होतो, त्याला मागं लावायला, वळायला १५ सेंटिमीटर पाहिजे. दीड फुटाच्या पट्टीत हेच सगळ्यात महागडं आहे पण ते सोडू नका. तुमचा हात पुढून जातो म्हणून सायडिंग पुढं, धक्का तिच्यामागं, शेडचं छप्पर उचलता येईल असं.

फळी

लहानपणी आजोबांबरोबर धक्क्यावर जायचो, ते एका आडतीवर मुनीम होते. एक गोष्ट डोळ्यासमोरून जात नाही. वॅगनचं दार आणि धक्का ह्याच्यात फट असते, तिच्यावर जाड लाकडी फळी टाकलेली, ती मधून पाठीवरच्या गोणीनं वाकायची आणि हमाल उतरला की परत सरळ व्हायची, वाकायची, सरळ व्हायची. आत वॅगनमध्ये अंधार, गोण्यांचा उग्र वास, आणि मग पॉइंट्समन यायचा, हातातल्या काठीनं वॅगनच्या पत्र्यावर धाडधाड वाजवायचा, हलवायलेत, बाहेर या. मग आतली माणसं बाहेर, फळी ओढून घ्यायची, दार लावायचं, इंजिन लागायचं, वॅगन निघून जायची लूपमध्ये आणि सगळे हमाल लिंबाखाली बसून राहायचे. पाऊण तासानं तीच वॅगन परत यायची. पण जरा पुढं-मागं उभी राहिली की आजोबा चिडायचे, कारण गोण्यांची थप्पी लागलेली असायची एकीकडं आणि दार आलं दुसरीकडं, म्हणजे हमालांना प्रत्येक गोणीमागं दहा पावलं जास्त.

मॉडेलमध्ये हे आणायचं असलं तर खरंच फळी करा. आइस्क्रीमच्या काडीची पातळ चिरफळी काढा, २० मिलिमीटर लांब आणि ५ रुंद, थोडी मळकी रंगवा. जी वॅगन भरायलीय किंवा उतरायलीय तिच्या दारात फळी टाकायची. नियम एकच, फळी असेपर्यंत त्या वॅगनला आणि तिला जोडलेल्या कुठल्याही वॅगनला इंजिन लावायचं नाही. आधी चिमट्यानं फळी उचलून धक्क्यावर ठेवायची. आणि अर्धवट उतरलेली वॅगन हलवली तर काम संपल्यावर तिच्याच जागी, दार फळीसमोर येईल अशी परत आणून लावायची.

ह्या एवढ्याशा काडीनं माझा लेआउट बदलला. आधी मी वॅगनी फेकल्यासारख्या इकडं-तिकडं ढकलायचो. फळी उचलायला पाच सेकंद लागतात पण त्या पाच सेकंदात तुम्हाला वाटतं की आपण कोणाचं तरी काम थांबवलं, आणि मग तुम्ही आपोआप विचार करता की हे न हलवता जमेल का. इंग्लंडमध्ये ॲलन राइट यांनी काढलेलं इंगलनुक नावाचं शंटिंगचं कोडं आहे, तीन लाइनी, ५-३-३ वॅगनी मावणाऱ्या, आठ वॅगनींतून ठरलेल्या क्रमाच्या पाच काढायच्या, त्याचे ६७२० क्रम होतात. हातखंडा यायला तो खेळ फार चांगला आहे, करून बघाच. पण त्यात वॅगन म्हणजे नुसता नंबर. सामायिक धक्क्यावर वॅगनला मालक आहे.

बिल्टी आणि चिंचोके

प्रत्येक वॅगनला व्हिजिटिंग कार्डाएवढं एक जाड कागदाचं कार्ड, त्याला खिसा, खिशात बिल्टी. बिल्टीवर चारच गोष्टी, माल काय, पार्टी कोण, जागा नंबर कोणता, आणि रिकामी व्हायला किती सेशन, म्हणजे किती वेळचा खेळ. साखर दोन सेशन, खत दोन, कोळसा तीन कारण फावड्याचं काम, रॉकेल एक. पार्ट्यांना मी नावं नाही दिली, मोंढा, कारखाना, जिनिंग, तेलवाला आणि खताचा डेपो एवढंच.

वॅगन ठरल्या वेळेपेक्षा जास्त उभी राहिली की रेल्वे डेमरेज लावते. आणि वॅगन रिकामी झाली पण माल धक्क्यावरच पडून राहिला तर व्हार्फेज. लोक दोन्ही एकच समजतात पण एक वॅगन अडवल्याचं आहे आणि एक जागा अडवल्याचं. खेळात डेमरेजला मी चिंचोके वापरतो, प्रत्येक जादा सेशनला त्या पार्टीच्या वाटीत एक चिंचोका. व्हार्फेज मात्र चिंचोक्यानं नाही दाखवायचं, ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. गोण्यांच्या सुट्या थप्प्या करून ठेवा, वॅगन रिकामी झाली की तिच्यासमोर धक्क्यावर थप्पी येते. दर सेशनला फासा टाका, चार किंवा वर पडलं तर ट्रक आला, थप्पी उचला. नाही पडलं तर थप्पी तिथंच, आणि थप्पी आहे तोपर्यंत त्या जागेवर दुसरी वॅगन उतरवता येत नाही. रूळ रिकामा आहे, वॅगन पण हजर आहे, पण लावता येत नाही कारण दुसऱ्याचा माल पडलाय. खऱ्या धक्क्यावरची अर्धी भांडणं हीच.

गोण्या करायला सोपं आहे. मक्याचं पीठ आणि फेव्हिकॉल मळून त्याची दोरी लाटा, चपटी करा, १० मिलिमीटरचे तुकडे, रुंदी ६ च्या आसपास, ओलं असतानाच एकावर एक रचा म्हणजे खरी गोणी जशी खालच्यावर बसते तशी बसते. वाळल्यावर बोथट सुरीनं शिवणीची रेघ. रंग मातकट, पांढऱ्या खताला फिका. कापसाची गाठ वेगळी, ती १७० किलोची आवळलेली पेटी असते, ठोकळा कापून त्यावर पातळ तारेचे पट्टे ओढा.

बिल्ट्या हंगामाप्रमाणं बदला. मी तीन गठ्ठे ठेवलेत. मृगाच्या आधीचा गठ्ठा म्हणजे खत आणि बियाणं, सगळं आत येणारं, धक्का तुंबतो. दिवाळीनंतरचा गठ्ठा गाठी आणि साखरेचा, पुढं संक्रांतीच्या सुमाराला त्यात तूर टाकतो, सगळं बाहेर जाणारं, रिकाम्या वॅगनींची ओढाताण. मग तिसरा गठ्ठा मी उशिरा केला, १९७२ च्या दुष्काळाचा. बाहेर जाणारी बिल्टी एक नाही, सगळं धान्य आत, मिलोच्या (परदेशी लाल ज्वारीच्या) गोण्या. आजी मिलोच्या भाकरीचं सांगायची ते आठवून केला. हा गठ्ठा खेळताना शंटिंग सोपं जातं, सगळ्या वॅगनी तीन-चार-पाचला लावायच्या आणि रिकाम्या परत द्यायच्या, पण मी तो वर्षातून एकदा काढतोच. धक्का असाच काळाप्रमाणं रूप बदलतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, पहिली १० टँक वॅगनींची, नंतर ५० च्या, तेव्हा आपण सगळ्यांनी बघितलंय.

एक टाकी बदलायची तर

समजा सायडिंगवर आहे असं: दोन नंबरला साखर अर्धी उतरलेली, फळी लागलेली. चारला रिकामी वॅगन, जायला तयार. सहाला कोळसा अर्धा. आठला रॉकेलची रिकामी टाकी. आणि गाडीनं भरलेली टाकी आणली.

पहिलं, साखरेची फळी उचला, दार लावा, कोळशाच्या माणसांना बाजूला करा. इंजिन आत जाऊन साखर, रिकामी, कोळसा अशा तीन उचलतं, नेकमध्ये बरोबर बसतात, त्या लूपमध्ये नेऊन सोडायच्या. परत आत, रिकामी टाकी ओढून आणायची, ती मेन लाइनीवर गाडीला. मेन लाइन तेवढा वेळ अडते म्हणून हे पॅसेंजरची वेळ बघूनच, मी घड्याळ लावतो आणि दहा मिनिटात मेन मोकळी झाली नाही तर थांबतो. मग भरलेली टाकी आठला. मग कोळसा परत सहाला, साखर परत दोनला, दार बरोबर थप्पीसमोर. चारची रिकामी गाडीबरोबर गेली. माझ्या हातानं निवांत पंचवीस मिनिटं जातात.

वाफेचं इंजिन, डब्ल्यूजी वगैरे, चालवत असाल तर एक भर घाला. इंजिन आणि टाकी ह्यांच्यात मधे एक तरी साधी वॅगन पाहिजे, ठिणगीमुळं, म्हणजे टाकी आठला लावताना इंजिनला एक वॅगन पुढं धरूनच जावं लागतं. ही एक अट घातली की आधी पाठ झालेली सगळी चाल परत नव्यानं बसवावी लागते.

सुरुवातीला नऊपैकी पाच-सहाच जागा भरा. सगळ्या भरल्या तर गाडी आली तरी काही करता येत नाही.

रूळ, गिट्टी, माती

वायरिंगवर जास्त लिहीत नाही, एकच सांगतो, पॉइंटचा फ्रॉग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, करंटवाला घ्या आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःची वायर द्या. शंटिंग रांगत करायचं असतं, प्लास्टिकच्या फ्रॉगवर इंजिन अडकलं की बोटानं ढकलावं लागतं आणि मजा गेली.

मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ डिग्री असते आणि लेआउट बहुतेक वरच्या खोलीत. थंडीत रूळ बसवत असाल तर जोडात फट सोडा, ८ फुटात सगळी मिळून मिलिमीटरभर पुरते. मी सोडली नव्हती. एप्रिलमध्ये एका दुपारी सायडिंग मधोमध उचलली गेली, धक्क्याला घासली आणि कड निघाली.

गिट्टी विकत घेऊ नका. क्रशरवरची काळ्या दगडाची कच मूठभर आणा, पिठाच्या चाळणीनं आणि मग चहाच्या गाळणीनं चाळा, मधलं जे राहतं ते वापरा. पण त्याआधी कागदावर पसरून त्यावरून लोहचुंबक फिरवा, कागदाच्या पिशवीत गुंडाळून. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, चुंबकाला काळी भुकटी दाढीसारखी लटकते, आणि तीच इंजिनच्या मोटारीत जाऊन बसते. चार-पाच वेळा फिरवा, दाढी येईना झाली की थांबा. मग पसरा, साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारा, निम्मं पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरनं सोडा. पॉइंटच्या हलणाऱ्या जिभेजवळ गिट्टी नको. धक्क्याच्या लाइनीवर मेन लाइनीसारखी स्वच्छ गिट्टी पण नको, तिथं मातीच जास्त असते, स्लीपर निम्मे बुडालेले.

काळी माती तव्यावर चांगली भाजून वस्त्रगाळ करा. फेव्हिकॉलबरोबर ती वाळताना आक्रसते आणि भेगा पडतात. मागच्या रानात त्या पडू द्या, उन्हाळ्यातलं रान तसंच दिसतं. ट्रकच्या जागेत मात्र निम्मं प्लास्टर मिसळा म्हणजे तडकणार नाही, आणि ओलं असताना ट्रकची चाकं फिरवून घ्या.

मग जागेप्रमाणं सांडलेला माल, ह्याच्याशिवाय धक्का मुका दिसतो. खताच्या जागी पांढऱ्या रांगोळीची चिमूट, मीठ वापरू नका, ओल धरतं आणि रूळ खातं. सहा-सातला खरा कोळसा ठेचून, फावड्यानं ओढल्यासारखा. आठला पाइपखाली काळपट तेलकट डाग, पातळ व्हार्निशचा. दोन नंबरसमोर कापसाच्या चार तारा गवताला अडकलेल्या. कोणी सांगायच्या आधी बघणाऱ्याला कळलं पाहिजे की इथं काय उतरतं.

सायडिंगच्या तोंडाशी मेन लाइनीला वाचवणारा डिरेलिंग स्विच असतो, सुटलेली वॅगन मेनवर जाण्याऐवजी खाली उतरावी म्हणून. चालणारा करायची गरज नाही, रुळाचा एक छोटा तुकडा बाहेर वळवून खोटा लावा, पण लावा. तो नसला तर जाणत्या माणसाची नजर पहिली तिथंच जाते.

वॅगनींना नकल कपलर (बोटं वळवल्यासारखे एकमेकांत अडकणारे) असतील तर सोडवायला जाड अगरबत्तीची काडी घ्या, टोक चाकूनं चपटं करून दोन कपलरच्या मधे घालून जरासं फिरवा. चुंबकाचे सोडवणारे मिळतात, पण ते ठरलेल्या जागीच चालतात आणि धक्क्यावर वॅगन कुठं सोडावी लागेल ते फासा ठरवतो.

सेशन संपलं की वॅगनी आवरून ठेवू नका. फळ्या, थप्प्या, चिंचोके, अर्धा कोळसा, सगळं आहे तसं राहू द्या, बिल्ट्या त्या-त्या खिशात, आणि वरून जुन्या धोतराचं मऊ कापड झाका, धुळीसाठी. उद्या कापड काढलं की साखर दोन नंबरला अर्धीच असते आणि तिथूनच पुढं चालू.